दांड्याच्या ब्रेकपासून तेलाच्या ब्रेकपर्यंत

या कार्यक्रमात आपण किल्ले, लढाया, सनावळ्या बऱ्याच केल्या. आज विषय छोटा आहे, तळहातात मावेल एवढा: सायकलचा ब्रेक. एका ऐकणाऱ्या मित्राचा निरोप आला होता, “दादा, माझ्या एमटीबीला वायरचे डिस्क ब्रेक आहेत, हायड्रॉलिक टाकू का? पैसे वाया तर जाणार नाहीत?” मी दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो. ‘टाक’ म्हणावं तर कारण द्यावं लागतं, ‘टाकू नको’ म्हणावं तरी द्यावं लागतं, आणि ती कारणं शोधत मागे गेलो तर थेट सतराव्या शतकात पोचलो. म्हणून हा भाग.

आधी जागा समजून घेऊ, कारण ब्रेकचा विचार जागेवर ठरतो. मी बीड जिल्ह्यातला. दिवसा लॅपटॉपवर कोड लिहितो, पहाटे सायकल चालवतो. आपला जिल्हा दोन मजल्यांचा आहे. उत्तरेला गोदावरीकाठ, म्हणजे गेवराई, माजलगाव, काळी जमीन, सपाट रस्ते. दक्षिणेला बालाघाटचं पठार, म्हणजे पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई. या दोन मजल्यांना जोडणारे जिने म्हणजे आपले घाट. बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंब्याचा घाट, तेलगावकडून धारूरला चढलं की धारूरचा. धारूरचा घाट अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, आणि हंगामात समोरून उसाची डबल ट्रॉली येते. बीड शहरात रेल्वे आली तीसुद्धा १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे परवा परवा. तोवर बीडकरांचं सगळं येणंजाणं रस्त्यावर, आणि बऱ्याचदा घाटातून. घाटाच्या तोंडाशी गाडी न्यूट्रल करू नका अशी पाटी असते. पाटी मोटारगाडीसाठी असते. तिथे इंजिन मदतीला येतं, खालच्या गिअरमध्ये गाडी स्वतःला धरून ठेवते. सायकलला इंजिन नाही. उतारावर तिच्याजवळ फक्त ब्रेक असतो.

आता आजोबांच्या सायकलकडे. काळी, उंच, मागे मजबूत कॅरियर, त्यावर दुधाचे कॅन. या सायकलचा ब्रेक आठवा. हँडलच्या खाली, हँडलला समांतर दोन लोखंडी दांडे. ते दाबले की पुढे आणखी दांडे, सांधे, खटके, आणि शेवटी रिमच्या आतल्या बाजूला खालून वर ओढला जाणारा नालेच्या आकाराचा तुकडा, त्याला दोन रबरं. याला इंग्लंडमधून आलेला रॉड ब्रेक म्हणतात. आपल्याकडे ‘दांड्याचा ब्रेक’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

ही सायकल आपल्याकडे पिढ्यानपिढ्या का टिकली, हे बघण्यासारखं आहे. स्वातंत्र्याच्या आधीपासून मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. मग १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, म्हणजे हर्क्युलस आणि बीएसए. १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास. आसनसोलजवळ सेन-रॅले. १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. नावं वेगळी, पण सायकल जवळपास एकच, इंग्रजी रोडस्टरची बहीण. बाहेरच्या जगात गिअर आले, वायरचे ब्रेक आले, रिम अ‍ॅल्युमिनियमच्या झाल्या. आपल्याकडे परवान्यांचं राज्य होतं, आयात बंद होती, गिऱ्हाईक गरीब होतं, त्यामुळे आराखडा तोच राहिला. हे कारण सगळे सांगतात, ते खरंही आहे. पण मला ते अपुरं वाटतं.

कारण दांड्याच्या ब्रेकमध्ये एक फार मोठा गुण होता. त्यात तुटण्यासारखं काही नव्हतं. वायर गंजते, एकेक तार तुटत जाते आणि एक दिवस हातात येते. दांडा गंजला तरी दांडाच राहतो. वाकला तर दगडावर ठेवून सरळ करता येतो. रबर झिजलं तर कुठल्याही बाजारच्या गावी मिळतं. पाना आणि पक्कड एवढ्यावर लिंबाच्या झाडाखाली बसलेला मिस्त्री तो पाच मिनिटांत नीट करून देतो. दीडशे किलोचा माल लादून रोज वीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला हेच पाहिजे होतं. सायकल बंद पडली तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडायची.

ब्रेक म्हणून मात्र ती वस्तू वाईट होती. दांड्यात जेवढे सांधे, तेवढा ढिलेपणा. हाताचा जोर निम्मा त्या सांध्यांतच जिरायचा. त्यात रिम स्टीलची, वर क्रोमचा चकचकीत मुलामा. पावसात ओल्या क्रोमवर रबर म्हणजे साबणावरून घसरणं. दोन-तीन फेरे चाक फिरल्यावर रबर रिमवरचं पाणी पुसायचं आणि मग कुठे धरायला लागायचं. तेवढ्यात वळण येऊन गेलेलं असायचं. म्हणून आपल्याकडे उतारावर सायकल हातात धरून चालत उतरायची पद्धत होती. घाबरटपणा नव्हता तो, हिशेब होता. आणि शाळकरी पोरांचा ब्रेक वेगळाच: चप्पल पुढच्या टायरला लावायची. माझ्या वयाच्या मुलांनीही ते केलंय. नव्या चपलेचा तळ एका उन्हाळ्यात एका बाजूने तिरका झिजलेला असायचा आणि आईला लगेच कळायचं.

याच ब्रेकने आपल्याला एक चुकीची शिकवण पण दिली: “पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील.” प्रत्येक घरात सांगितलेलं वाक्य. खरं तर थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करू शकतो. मागचा जोरात दाबला की चाक अडकून नुसतं घसरतं. पण ढिल्या दांड्यांचा पुढचा ब्रेक आधी धरायचा नाही आणि मग एकदम धरायचा. असल्या ब्रेकवर विश्वास न ठेवणं शहाणपणाचंच होतं. ब्रेक बदलले, शिकवण राहिली. आजही एमटीबीवर मागचाच ब्रेक ओढत घाट उतरणारे मी रोज बघतो.

आता जरा लांब जाऊ, कॅलिफोर्नियाला, कारण डोंगरातल्या सायकलचा ब्रेक हा प्रश्न तिथे पहिल्यांदा नीट विचारला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी. तिथली काही पोरं १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या, जड सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. १९७६ पासून त्याची शर्यतच सुरू झाली. उतार सुमारे ४०० मीटरचा, लांबी साडेतीन किलोमीटरच्या आत. गॅरी फिशरचा विक्रम ४ मिनिटं २२ सेकंदांचा. या सायकलींना मागच्या हबमध्ये ब्रेक असायचा, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एकदा खाली पोचलं की हब इतका तापलेला असायचा की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जायचा. पुढच्या फेरीआधी हब उघडून त्यात ग्रीस नव्याने भरावं लागायचं. ग्रीस भरण्याला इंग्रजीत रिपॅक म्हणतात. त्या रस्त्याचं नावच रिपॅक पडलं. रस्त्याला ब्रेकवरून नाव पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आपला सगळा विषय या धुरात आहे. ब्रेक सायकल थांबवतो असं आपण म्हणतो, पण तो करतो काय? वेगाची, उंचीची ऊर्जा उष्णतेत बदलतो. शाळेतलं गणित करू. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो. ४०० मीटर खाली आलो. ९० गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे साधारण साडेतीन लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी, माठातलं असो की नळाचं, उकळायला लागेल. काही भाग वारा खाईल हे मान्य, पण वळणावळणाच्या घाटात वेग कमीच ठेवावा लागतो, त्यामुळे बराचसा वाटा ब्रेकलाच घ्यावा लागतो. म्हणजे ब्रेकला दोन प्रश्न सोडवायचे असतात. बोटांचा जोर चाकापर्यंत कमी न होता कसा न्यायचा? आणि ही उष्णता टाकायची कुठे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ब्लेझ पास्कलने दिलं होतं. तो वारला १६६२ मध्ये आणि द्रवांवरचं त्याचं लिखाण छापलं गेलं १६६३ मध्ये. इकडे त्या वर्षी शाहिस्तेखानाची बोटं गेली, एवढं लक्षात ठेवलं की सन विसरत नाही. पास्कल म्हणतो, बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. याची खुबी अशी की लहान दट्ट्या दाबून मोठा दट्ट्या ढकलता येतो. समजा लिव्हरमधला दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळचा २२ मिलिमीटरचा, तर क्षेत्रफळ जवळपास पावणेपाच पट, म्हणून जोरही तेवढा पट. वर लिव्हरचा फायदा वेगळा. आणि दांड्यासारखे सांधे नाहीत, वायरसारखं घर्षण नाही. नळी कशीही वळवा, दाब तोच. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने लंडनमध्ये याच तत्त्वावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. जेसीबीचा हात उचलला जातो तो याच तत्त्वावर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे चकती, फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये इंग्लंडात पेटंट करून ठेवली होती. चाकासोबत फिरणारी धातूची चकती, तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. चकती उघडी, वारा लागतो, उष्णता निघून जाते. पण त्याच्या चिमट्याला तांब्याचं अस्तर होतं, धातूवर धातू, त्यामुळे कर्कश आवाज व्हायचा. लोक त्यापेक्षा ड्रमवर खूश राहिले. तेलाचा ब्रेक मोटारीत आणला माल्कम लॉकहीडने. १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तो बसला. तेल आणि चकती यांची जोडी गाजली ती १९५३ मध्ये, जॅग्वारने ल मां ची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली तेव्हा. समोरचे लोक वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक मारत होते आणि जॅग्वारवाले उशिरा. १९६९ मध्ये होंडा सीबी ७५० ने तो मोटारसायकलवर सर्वांसमोर आणला.

म्हणजे सायकलपर्यंत यायला काहीच हरकत नव्हती. तरीही सायकलवर ही जोडी नीट रुळायला १९९० चं दशक संपावं लागलं. का बरं? माझ्या मते कारण ब्रेकमध्ये नाही, सायकलच्या हाडांमध्ये आहे. रिमचा ब्रेक चाकाच्या कडेला धरतो, तिथे थोडा जोरही पुरतो. चकती चाकाच्या मध्याजवळ असते, त्यामुळे तिथे कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. तो जोर मग हब, स्पोक आणि फोर्क, म्हणजे आपला चिमटा, यांच्यावर येतो. तोही एकाच बाजूच्या पायावर. जुन्या सायकलच्या बारीक चिमट्याला तो पेलणारा नव्हता. डोंगरातल्या सायकलींना जाड सस्पेन्शन फोर्क आले तेव्हा कुठे चकती टांगायला मजबूत जागा मिळाली. मधल्या काळात जर्मनीच्या मागुराने १९८७ मध्ये तेलाचा ब्रेक आणला, पण रिमवरचा. १९९१ मध्ये माउंटन सायकल या कंपनीची सॅन अँड्रियास आली, तिला तेलाचे डिस्क ब्रेक होते. १९९६ मध्ये शिमानोने व्ही-ब्रेक आणले. ते इतके स्वस्त आणि चांगले होते की बऱ्याच जणांना वाटलं, आता डिस्कची गरजच नाही. पण रिमला चिखल लागला की व्ही-ब्रेकही तेच करतो जे आजोबांचा ब्रेक पावसात करायचा. काळ्या मातीचा चिखल बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या दशकाच्या शेवटी अमेरिकेची हेज, मग शिमानो, असे एकेक जण तेलाचे डिस्क घेऊन उतरले आणि डोंगरातला निकाल लागला.

गंमत म्हणजे रस्त्यावरच्या शर्यतींमध्ये भांडण पुढे वीस वर्षं चाललं. २०१६ च्या पॅरिस–रूबे शर्यतीत फ्रान्सिस्को व्हेंतोसो या स्पॅनिश सायकलपटूच्या पायाला मोठी जखम झाली, त्याने चकतीला दोष दिला, आणि जागतिक सायकल संघटनेने चाचणी थांबवली. कायमची परवानगी मिळाली १ जुलै २०१८ ला. तोवर आपल्या रस्त्यांवर डिस्क ब्रेकच्या मोटारसायकली सुमारे वीस वर्षं धावत होत्या.

या मोटारसायकलींनीच बीडमध्ये तेलाच्या ब्रेकचं शिक्षण दिलं, सायकलींनी नाही. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आली, २००१ मध्ये बजाजची पल्सर. पुढच्या चाकाला चकती असलेली गाडी तालुक्याच्या गावात पोचली. गाडी पोचली म्हणजे गॅरेजवाला शिकला. ब्रेकमधली हवा कशी काढायची, सील फुगलं तर कसं ओळखायचं, हे ज्ञान शाळा न शिकलेल्या पोरांनी हाताने मिळवलं. सायकलच्या दुकानात ते शिरलं नाही, कारण तिथे हिरो रेंजर आणि हर्क्युलस एमटीबीचा काळ चालू होता. जाड टायर, रंगीत फ्रेम, ब्रेक मात्र वायरचेच. गिअरच्या आधुनिक सायकली देशात नीट मिळायला लागल्या त्या फायरफॉक्ससारख्या कंपन्यांमुळे, २००५ नंतर. त्याही आधी पुण्या-मुंबईत. आपल्याकडे खरी लाट आली ती लॉकडाऊनमध्ये, व्यायामशाळा बंद पडल्या तेव्हा. माझीही सायकल त्याच लाटेतली, २०२१ ची, वायरच्या डिस्क ब्रेकची. चकती आहे, चिमटा आहे, पण मध्ये वायर. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नवीन, पहिल्याचं जुनं.

सपाटीला हे पुरतं. घाटात मात्र बोटं दुखतात. वायरच्या बऱ्याच स्वस्त ब्रेकमध्ये एकाच बाजूचं पॅड हलतं, ते चकतीला वाकवून दुसऱ्या पॅडवर टेकवतं. पॅड झिजलं की दर वेळी हाताने जुळवावं लागतं. तेलाच्या ब्रेकमध्ये दोन्ही दट्टे सारखे पुढे येतात आणि झीज आपोआप भरून निघते. मी बदल करायचं ठरवलं आणि ते कसं केलं हे सांगतो, कारण त्या मित्राचं खरं उत्तर इथे आहे.

पहिली गोष्ट, फ्रेम आणि चिमट्यावर डिस्कचा ब्रेक बसवायची जागा आहे का? माझ्यावर होती, कारण वायरचा का होईना, डिस्क आधीच होता. नसेल तर विषय संपला. वेल्डिंगवाल्याकडून कान जोडून घ्यायचा विचारही करू नका. मघाशी म्हटलं तसं, जोर तिथेच येतो. जागेचेही दोन प्रकार असतात. एकात भोकं ५१ मिलिमीटर अंतरावर, दुसऱ्यात ७४. घरातल्या पट्टीने मोजता येतं. दोन्ही जुळत नसले तर मध्ये अडॅप्टर लागतो, तो चकतीच्या मापाप्रमाणे, १६० चा वेगळा, १८० चा वेगळा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. स्वस्त सायकलींवर गिअरचा खटका आणि ब्रेकचा लिव्हर एकाच तुकड्यात असतात. ब्रेक काढला की गिअर पण गेला. मग वेगळे खटके घ्या, नवी वायर घ्या. ब्रेकचा सेट मला साडेपाच हजारांच्या आसपास पडला, त्यावर हा जोडखर्च. ऑनलाइन मागवायच्या आधी हँडलकडे नीट बघा.

तिसरी गोष्ट इंग्रजांची देणगी आहे. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, सायकलला आणि मोटारसायकललाही. अमेरिकेत आणि बऱ्याच युरोपात सायकलला उलटं. बाहेरून येणारे सेट पुष्कळदा डाव्या हाताला पुढचा अशा जुळणीचे असतात, आणि नळीत तेल भरून बंद करून आलेले. दिवसभर बाईक चालवणाऱ्या माणसाच्या बोटांना घाटात विचार करायला वेळ नसतो. मी सेट बघूनच उजवा-पुढे असा मागवला.

बसवणं अवघड नाही. चकती सहा स्क्रूंची, ताऱ्यासारख्या टोकाचा टॉर्क्स पाना, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं. माझी जुनी चकती नीट होती, पण तिच्यावर कोणते पॅड चालतात ते कोरलेलं असतं, ते वाचून घेतलं. ब्रेक जागेवर सैल बसवायचा, लिव्हर दाबून धरायचा, म्हणजे तो चकतीवर स्वतःच मध्यात येतो, आणि दाबून धरूनच स्क्रू आवळायचे. मागची नळी लांब होती. कापली तर टोकाला नवी पितळी कडी आणि आतली नळकांडी लागते, जुनी चालत नाही. फ्रेमवरचे कान वायरच्या मापाचे, नळी त्यात जात नाही, म्हणून झिप टायने बांधली. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही. मधे चकती नसली की दट्टे पुढे येऊन बसतात. पॅडच्या मध्ये एक पुठ्ठा घालून ठेवला की काळजी नाही.

नळी कापली म्हणजे थोडी हवा शिरली. तेल दाबल्याने दबत नाही, हवा दबते. म्हणून एक बुडबुडासुद्धा लिव्हर पिठात बोट घातल्यासारखा मऊ करतो. ही हवा काढायला इथल्या सायकल दुकानात कोणी नव्हतं. मी आमच्या ओळखीच्या मोटारसायकल गॅरेजवर गेलो. त्याने लिव्हर दोनदा दाबला आणि म्हणाला, “हवा हाय दादा आत. काढून देतो, तेल देऊ का आपलं?” आणि त्याने कपाटातून डॉट ४ ची बाटली काढली. इथे थांबावं लागलं.

मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये डॉट तेल असतं, ग्लायकोलचं. माझा ब्रेक शिमानोचा, त्यात खनिज तेल. दोन्हींची रबरी सीलं वेगळ्या जातीची असतात. एकाच्या ब्रेकमध्ये दुसरं तेल घातलं की सील फुगतं किंवा खराब होतं, आणि ते लगेच होईलच असं नाही, घाटाच्या मध्येही होऊ शकतं. डॉटचा गुण असा की तो फार तापला तरी उकळत नाही, डॉट ४ ताजा असताना किमान २३० अंशांपर्यंत. दोष असा की तो हवेतली ओल पितो आणि मग हीच मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. म्हणून तो ठरावीक काळाने बदलावा लागतो, आणि रंगावर सांडला तर रंग खातो. खनिज तेल ओल पीत नाही, त्वचेला त्रास देत नाही, पण पाणी आत शिरलंच तर खाली जाऊन चिमट्याजवळच्या सर्वांत गरम जागी साठतं. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो हे खनिजवाले. हेजचे जुने ब्रेक आणि स्रॅमचे बरेचसे डॉटवाले. लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

मी त्याला झाकण दाखवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, “मंग तेल तुझं, हात माझा.” मी तेल आणि फनेल घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो. खाली इंजेक्शनची सिरिंज, वर फनेल, मध्ये पारदर्शक नळी. त्याने खालून हळूहळू तेल ढकललं, नळीवर पान्याच्या मुठीने टकटक केलं, बुडबुडे वर येत गेले. एकही व्हिडिओ न बघता. त्याला तत्त्व माहीत होतं, फक्त माप नवं होतं. तेलाचा एक थेंबही चकतीला लागू द्यायचा नाही, एवढं मी बजावून सांगितलं. पॅडने तेल प्यायलं की ते पॅड फेकायचं. चकती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ते शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळालं.

नवे पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत. सपाट रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, चाक न अडकवता हळू करायचं, असं वीसेक वेळा. चकतीवर पॅडचा पातळ थर बसतो, मग जोर येतो. हे न करता थेट घाटात जाऊ नका.

तर मित्रा, तुझं उत्तर. तू गेवराई-माजलगावच्या बाजूला राहत असशील आणि रोज कामावर जायला सायकल वापरत असशील, तर पैसे ठेव. वायर बदल, पॅड चांगले टाक, पुरेसं आहे. तू दर रविवारी घाट उतरत असशील, फ्रेमवर जागा असेल आणि हवा काढून देणारा एक हात तुझ्या गावात असेल, तर टाक. तिसरी अट मी मुद्दाम घातली. दांड्याचा ब्रेक इतकी वर्षं जगला तो थांबवायच्या ताकदीवर नाही, दुरुस्त करणाऱ्या माणसांवर जगला. तेलाच्या ब्रेकला तेवढी माणसं अजून मिळायची आहेत. ती सायकलच्या दुकानात शोधू नकोस, मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये आहेत. आमच्याकडच्या त्या गॅरेजवर आता खनिज तेलाची वेगळी बाटली असते, तिच्यावर मार्करने ‘सायकल’ लिहिलेलं आहे, आणि डॉटच्या बाटलीपासून ती दुसऱ्या फळीवर ठेवलेली असते. माझ्यानंतर आणखी तीन जण येऊन गेले म्हणे.

आणि आजोबांची सायकल? तिच्यासाठी रबरं शोधली तर नेहमीच्या दुकानात नव्हती. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२०ला बंद पडला, तो नेमका जागतिक सायकल दिवस होता. तरी बीडच्या जुन्या बाजारात एका दुकानात रबरांची जोडी मिळालीच, कागदाच्या पुडीत.

पुढच्या भागात याच सायकलचे टायर घेऊ. जॉन डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये पोराच्या तीनचाकीसाठी काय केलं, आणि त्यातून रबराच्या मळ्यांमध्ये काय घडलं, ते बरंच मोठं आहे. तोवर लिव्हर दाबून बघा, मऊ लागतोय का ते कळवा.